कॅलमझूची साधी गिटार

कॅलमझू हें नांव प्रथम ऐकलें तेव्हां आमची नात माझी थट्टा करीत आहे असेंच मला वाटलें. नकाशा काढून पाहिला तों गांव खरोखरीच निघालें. अमेरिकेच्या मिशिगन संस्थानांत, डेट्रॉइट आणि शिकागो या दोन मोठ्या शहरांच्या जवळ जवळ मध्यावर, त्याच नांवाच्या नदीच्या कांठीं तें वसलेलें आहे. नांव मूळचें तेथील पोटावाटोमी लोकांकडचें. त्याच्या अर्थाविषयीं जाणत्यांत एकवाक्यता नाहीं. पण अर्थावांचून त्याचें कांहीं अडलें नाहीं. १९४२ सालीं ग्लेन मिलरच्या वाद्यवृंदानें हें नांव एका गाण्यांत गुंफून देशभर नेलें. त्या गांवीं जाण्याचा योग मला यावा असें माझ्या पत्रिकेंत कांहींच नव्हतें. योग आला तो घरांतल्या एका भांडणामुळें.

२०१४ सालच्या ऑक्टोबरांत मी चिरंजिवांकडे अ‍ॅन आर्बर येथें राहावयास गेलों होतों. नात मुक्ता, वय वर्षें सोळा, शाळेच्या जाझ वाद्यवृंदांत गिटार वाजवीत असे. दोन उन्हाळे आइस्क्रीमच्या दुकानांत उभें राहून तिनें कांहीं पैसे सांठविले होते, आणि त्या पैशांतून तिला एक जुनी, पोकळ अंगाची, विजेवर वाजणारी गिटार घ्यावयाची होती. चिरंजीव इंजिनियर. त्यांचें म्हणणें असें कीं, साठ वर्षें वापरलेल्या प्लायवुडच्या डब्यासाठीं एवढी रक्कम मोजणें हा शुद्ध अविचार होय; तेवढ्याच पैशांत नवी कोरी, भरीव लांकडाची गिटार मिळते. सूनबाई ज्याच्या पानाशीं वाढीत त्याच्या बाजूनें बोलत. अखेर निवाडा माझ्याकडे आला. "आजोबा गाण्यांतले आहेत. तुम्ही सांगाल तें मी ऐकेन," असें मुक्ता म्हणाली, आणि "बाबा, तुम्हीच तिला समजावून सांगा," असें चिरंजीव म्हणाले.

मी गाण्यांतला म्हणजे काय, तर पुण्यास पन्नास वर्षें पुढच्या रांगेंत बसून गाणें ऐकलें, एवढेंच! आणि खरें सांगावयाचें तर मनांतून मी चिरंजिवांच्याच पक्षाचा होतों. गिटार हें सिनेमाचें व हॉटेलांतलें वाद्य, ही समजूत घेऊनच मी लहानाचा मोठा झालेला. मात्र 'डबा' हा शब्द माझ्या कानाला कोठें तरी खटकला. तो कां खटकला हें त्या वेळीं ध्यानांत आलें नाहीं.

वाद्य कॅलमझूस एका जुन्या वाद्यांच्या दुकानांत होतें. शंभर मैलांचा रस्ता. एका शनिवारीं आम्ही तिघें मोटारीनें निघालों. दोहों बाजूंस मेपलचीं झाडें लाल, केशरी, पिवळीं होऊन उभीं होतीं. आपल्याकडे फाल्गुनांत पळस फुलतो तेव्हां एखादें दुसरें झाड पेटल्यासारखें दिसतें. येथें सारें रानच पेटलेलें. "आजोबा, ती गिटार याच लांकडाची आहे," मुक्ता म्हणाली. "याच लांकडाच्या पापुद्र्यांची," चिरंजिवांनीं दुरुस्ती केली. पुढचे दहा मैल कोणीच बोललें नाहीं.

कॅलमझू हें कष्टाळू गांव आहे. एके काळीं येथील सेलरीची भाजी देशोदेशीं जाई. कागदाच्या गिरण्या होत्या. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर धांवणाऱ्या चेकर टॅक्सी १९८२ पर्यंत येथेंच तयार होत. यांतलें बरेंचसें आतां उरलेलें नाहीं. मोठमोठे कारखाने निघून गेलेल्या गांवावर जी एक प्रकारची शांत कळा येते, ती येथेंहि आहे. आपल्याकडे गिरण्या बंद पडल्यानंतरचें गिरणगांव ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना अधिक सांगावयास नको.

दुकान उघडण्यास अवकाश होता, म्हणून मुक्तेनें प्रथम पार्सन्स स्ट्रीट नांवाच्या रस्त्यावर नेलें. तेथें विटांची एक लांबलचक इमारत आहे आणि तिच्या मागें एक उंच धुराडें. धुराड्यावर 'गिब्सन' हीं अक्षरें वरून खालीं उतरत गेलेलीं. १९१७ सालीं बांधलेला हा गिब्सन कंपनीचा कारखाना. ऑर्विल गिब्सन नांवाचा एक गृहस्थ न्यूयॉर्क संस्थानांतून या गांवीं आला, चपलाबुटांच्या दुकानांत नोकरी करूं लागला आणि फावल्या वेळीं मँडोलिनें व गिटारी करूं लागला. त्याची कल्पना अशी कीं, व्हायोलिनचें पोट जसें जाड फळी कोरून घुमटाकार करतात तसेंच या वाद्यांचेंहि करावें. १८९८ सालीं त्यानें आपल्या मँडोलिनचें पेटंट मिळविलें, १९०२ सालीं त्याच्या नांवानें कंपनी निघाली, आणि १९१८ सालीं तो वारला. पुढें १९२२ सालीं याच कंपनीनें एल-५ ही गिटार काढली. गिटारीच्या मध्यभागीं असणारें वाटोळें भोंक जाऊन व्हायोलिनसारखीं दोन वळणदार छिद्रें आलीं, आणि कोरीव घुमटाच्या गिटारीचें एक घराणेंच सुरू झालें.

या घराण्यांतली एक थोर गिटार आपल्याकडे येऊन राहिली आहे, हें मला त्या फुटपाथवर उभ्या उभ्या कळलें. पंडित शिवकुमार शर्मा, पंडित हरिप्रसाद चौरसिया आणि पंडित ब्रिजभूषण काबरा यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही १९६७ च्या सुमाराची ध्वनिमुद्रिका आमच्या घरीं इतकी वाजली आहे कीं तिचे ओरखडेहि मला पाठ आहेत. काबरा मांडीवर आडवी घेऊन, तारेवरून धातूची नळी फिरवून जी गिटार वाजवीत, ती गिब्सनची सुपर ४०० ही गिटार, असें मुक्तेनें सांगितलें. सुपर ४०० म्हणजे १९३४ सालीं चारशें डॉलर किंमत ठेवून काढलेलें त्या कारखान्याचें राजवाद्य. ज्या मींडीवर मी जन्मभर डोलत आलों तिचें लांकूड या रस्त्यावर तासलें गेलें होतें, आणि मी म्हणत होतों गिटार हें हॉटेलांतलें वाद्य! मीं कांहीं न बोलतां धुराड्याकडे पाहिलें.

पण आम्ही आलों होतों तें राजवाद्य पाहावयास नव्हे. त्याच कारखान्यांत जन्मलेली जी धाकटी, साधी बहीण, तिच्यासाठीं. तिचें नांव ईएस-१२५. 'ईएस' म्हणजे इलेक्ट्रिक स्पॅनिश. मांडीवर आडवी ठेवावयाची ती हवाइयन आणि उभी धरून वाजवावयाची ती स्पॅनिश, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. या कुळाची मूळ पुरुष म्हणजे १९३६ सालची ईएस-१५०. तोंपर्यंत पितळी वाद्यांच्या गदारोळांत गिटार बिचारी कोणास ऐकूंच येत नसे. ओक्लाहोमाचा चार्ली क्रिश्चन हा तरुण १९३९ सालीं बेनी गुडमनच्या वृंदांत आला, आणि त्यानें ईएस-१५० वर एकेका सुराचें वादन अशा तडफेनें केलें कीं गिटार साथीच्या ओळींतून उठून पुढें येऊन बसली. १९४२ सालीं, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षीं, तो क्षयानें गेला. ईएस-१२५ प्रथम १९४१ सालीं निघाली, युद्धामुळें थांबली, १९४६ सालीं पुन्हां सुरू झाली आणि १९७० पर्यंत होत राहिली.

युद्धाचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट येथेंच सांगून टाकतों, कारण ती आपल्या भगिनींस आवडेल. दुसऱ्या महायुद्धांत कारखान्यांतील पुरुष कारागीर लष्करांत गेले, आणि त्यांच्या जागीं गांवांतल्या बायका-मुली येऊन कामाला लागल्या. आपण युद्धसाहित्यच तयार करीत आहों, गिटारी नव्हे, असें कंपनी म्हणे. पण त्या काळांत तेथून हजारों गिटारी बाहेर पडल्या आणि त्या या स्त्रियांच्या हातच्या होत्या. जॉन टॉमस यांनीं २०१२ सालीं 'कॅलमझू गॅल्स' या पुस्तकांत हा वृत्तांत दिला. कारखान्यासमोर घोळक्यानें उभ्या असलेल्या स्त्रियांचें एक जुनें छायाचित्र त्यांच्या हातीं आलें आणि त्या स्त्रिया कोण, या शोधांतून तें पुस्तक झालें. ग्रंथकारांनीं त्या गिटारींचें अंतरंग क्ष-किरणांनीं तपासलें. तें काम पुरुषांच्या कामाहून नाजूक आहे असा त्यांचा निर्वाळा आहे. आमच्या घरांत शेवया कोणाच्या हातच्या बारीक होतात हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना यांत नवल वाटणार नाहीं.

गिब्सननें १९७० नंतरच्या दशकांत टेनेसी संस्थानांतील नॅशव्हिल येथें नवा कारखाना उघडला, आणि १९८४ सालीं कॅलमझूचा हा कारखाना बंद केला. गांव सोडून जावयास जे राजी नव्हते अशा कांहीं कारागिरांनीं, जिम डरलू, मार्व्हिन लँब, जे. पी. मोट्स प्रभृतींनीं, १९८५ सालीं त्याच इमारतींत, मागें राहिलेल्या जुन्या यंत्रांवर, 'हेरिटेज' या नांवानें पुन्हां गिटारी करावयास आरंभ केला. आम्ही गेलों तेव्हांहि आंत काम चालूं होतें. खिडकीजवळून जातांना तासलेल्या लांकडाचा वास आला. तो वास सर्व देशांत सारखाच असतो; मला मिरजेच्या तंबोऱ्यांच्या दुकानांची आठवण झाली.

दुकान लहान होतें. मालक साठीच्या घरांतले, मितभाषी. भिंतीवर नाना रंगांच्या गिटारी टांगलेल्या. ईएस-१२५ मात्र खालीं कोपऱ्यांत एका घोडीवर. पाहतांक्षणीं माझी निराशा झाली. सव्वासोळा इंच रुंद, चांगलें जाड अंग. कडेला पिंगट-काळा आणि मध्यें मधासारखा होत गेलेला रंग. गळ्यावर शिंपल्याची नक्षी नाहीं, साधे पांढरे ठिपके. वरच्या स्वरांकडे हात जावा म्हणून भारी गिटारींच्या खांद्याला जो कांप देतात, तोहि नाहीं. त्यामुळें चौदाव्या पडद्यापलीकडे बोटें नेणें म्हणजे जिन्याखालच्या कोनाड्यांत हात घालणें. पोटावर एकच काळें चुंबकयंत्र, आणि दोनच खुंट्या, एक आवाजाची व एक सुराच्या उजळपणाची. मुक्तेनें विजेरी घेऊन छिद्रांतून आंत पाहिलें. आंत शाईनें एक आंकडा उमटवलेला होता आणि त्याआधीं 'एक्स' हें अक्षर. १९५४ सालचें तें अक्षर, असें तिनें सांगितलें. म्हणजे वय साठ वर्षें. माझ्याहून सोळांनीं लहान.

"दोष काय काय आहेत?" मीं मालकांस विचारलें. हा प्रश्न त्यांना आवडला असावा. त्यांनीं खुर्ची ओढली आणि एकेक दाखवूं लागले. पहिला दोष लांकडाचा. थोर गिटारींचें पोट स्प्रूसची जाड फळी कोरून करतात. हिचें मेपलच्या पातळ थरांना सरस लावून, सांच्यांत दाबून केलेलें. म्हणून नाद कमी, आंस तोकडी. दुसरा दोष यंत्राचा. त्याला पी-९० म्हणतात. चुंबकाच्या दोन पट्ट्या आणि त्यांवर केंसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सुमारें दहा हजार वेढे. तार हलली कीं वेढ्यांत तिच्याच तालानें वीज खेळूं लागते. पण भोंवतालच्या दिव्यांची आणि तारांची गुणगुणहि तें यंत्र तितक्याच आपुलकीनें आंत घेतें. ती गुणगुण मारणारें दुहेरी वेढ्यांचें यंत्र त्याच कारखान्यांतल्या सेथ लव्हरनें १९५५ च्या सुमारास बांधलें. तें या गिटारीच्या वांट्यास आलें नाहीं. तिसरा दोष मालकांनीं करूनच दाखविला. ध्वनिवर्धकाचा आवाज चढवून ते त्यासमोर गिटार घेऊन बसले. कोणी तारेला हात लावला नाहीं, तरी गिटार कण्हूं लागली, आणि बघतां बघतां तिनें असा कांहीं टाहो फोडला कीं मीं कानांवर हात ठेवले. पोकळ पोट ध्वनिवर्धकाच्या आवाजानें थरथरतें, ती थरथर पुन्हां ध्वनिवर्धकांत जाते, आणि चक्र सुरू होतें. १९५२ सालीं आलेली लेस पॉल ही भरीव गिटार या व्याधींतून बऱ्याच अंशीं सुटली, म्हणून पुढें मोठमोठ्या मैदानांतले जलसे तिनें जिंकले. आणि १९५९ सालच्या लेस पॉलला आज लाखांच्या भाषेंत डॉलर मोजणारे लोक आहेत. ईएस-१२५ ला मालकांनीं अठराशें सांगितले.

चिरंजिवांनीं माझ्याकडे पाहिलें. निकाल लागल्यासारखाच होता.

मग मालकांनीं आवाज उतरविला, अगदीं बैठकीच्या खोलींत दोघांनीं बोलावें इतका, आणि गिटार मुक्तेच्या हातीं दिली. तिनें चारपांच सुरांचे कांहीं गुच्छ छेडले, एकांतून दुसऱ्यांत सरकत. मी तयारीनेंच ऐकत होतों, म्हणजे दोष काढण्याच्या. प्रथम कानीं आला तो लांकडाचा ठोका. दारावर बोटाच्या पेरानें हलकेंच टकटक करावी तसा. त्यामागून सूर. तो उमलला, भरला, आणि पुढच्याला जागा देऊन निघून गेला. आंस तोकडी खरीच. पण त्या तोकडेपणामुळेंच एक गुच्छ दुसऱ्याच्या अंगावर पडत नव्हता. प्रत्येकाचा शब्द सुटा, स्वच्छ ऐकूं येत होता. खर्जाची तार कोठें घरंगळली नाहीं. यंत्राची बारीक गुणगुण मागें होती, पण तंबोऱ्याच्या खोलींत बसणाऱ्यास अखंड गुणगुणीचें काय भय! ध्वनिवर्धक बंद केल्यावरहि ती वाजवीतच राहिली, आणि पोकळ पोटामुळें पुरेसें ऐकूं येत होतें. भरीव गिटारीचें असें नाहीं. वीज गेली कीं ती मुकी. ईएस-१२५ माजघरांत, दिवेलागणीनंतर, शेजारचें मूल न उठवितां वाजवितां येते.

माजघर हा शब्द मनांत आला आणि 'डबा' कां खटकला होता तें मला कळलें.

माझे वडील तंबोऱ्याचे उपासक. आई माहेराहून बाजाची पेटी घेऊन आली होती. तिला ते 'डबा' म्हणत. १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीला आपल्या केंद्रांतून हद्दपार केलें, आणि ती बंदी तीस वर्षांवर टिकली. वडिलांच्या नावडीस त्यामुळें सरकारी शिक्का मिळाला. आक्षेप अगदींच खोटे नव्हते. पेटींत मींड नाहीं, तिचे सूर बांधलेले, श्रुति तिला गांठत नाहींत. पण गोविंदराव टेंब्यांसारखा पेटीवादक ज्या महाराष्ट्रांत झाला तेथें तरी तिची एवढी अवहेलना व्हावयास नको होती. आई दुपारीं, पुरुषमंडळी बाहेर गेलीं म्हणजे, माजघराचें दार लोटून ती वाजवी. भाता इतका हळू कीं ओटीवर ऐकूं जाऊं नये. १९५२ सालीं घराची डागडुजी निघाली तेव्हां वडिलांनीं ती पेटी चाळीस रुपयांस विकली. मी चौदा वर्षांचा होतों. टांग्यांत पेटी ठेवण्यास मींच हात लावला. आई स्वयंपाकघरांतून बाहेर आली नाहीं आणि मींहि आंत गेलों नाहीं. तो विषय आमच्या घरांत पुन्हां कधीं निघाला नाहीं.

"आजोबा, कशी वाटते?" मुक्तेनें विचारलें.

"वरचे सूर हाताशीं येत नाहींत," मी म्हणालों.

"मला वरचे फारसे लागत नाहींत."

"आणि मोठ्या सभागृहांत ही रडेल."

"मला घरांतच वाजवायची आहे."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतें. मीं चिरंजिवांना एवढेंच सांगितलें कीं, तुमची लांकडाची परीक्षा बरोबर आहे, पण हिला लांकूड विकत घ्यावयाचें नाहीं. मग व्यवहाराची बोलणीं मीं हातीं घेतलीं, कारण तेवढी विद्या मला खासच येते. डोक्यावरच्या खुंट्या मूळच्या नव्हेत, मागून बसविलेल्या, हें मालकांनीं आपण होऊनच कबूल केलेलें. त्या धाग्यावर घासाघीस करीत सोळाशें पन्नासांवर आणलें. मुक्तेजवळ पंधराशें होते. उरलेले दीडशें मीं माझ्या प्रवासखर्चांतून काढले. बक्षीस म्हणून ती घेईना. कर्ज म्हणून घेतले, आणि पुढच्या उन्हाळ्यांत पैन् पै फेडले. चिरंजीव या सर्व वेळांत भिंतीवरच्या गिटारींच्या किंमतींच्या चिठ्ठ्या वाचीत होते.

परततांना उजेड उतरूं लागला होता. गिटार तिच्या काळ्या पेटाऱ्यांत, मागच्या बाकावर मुक्तेच्या शेजारीं. वीस मैलांवर बॅटल क्रीक हें गांव लागतें. तेथें चिरंजिवांनीं कॉफी घ्यावयाची म्हणून मोटार थांबविली, पण कॉफीच्या दुकानाकडे न जातां मागचें दार उघडलें, पेटारा हलवून पाहिला आणि म्हणाले, "मुक्ता, हा डबा असा हिंदकळतां कामा नये." आणि अंगांतला कोट काढून, त्याची घडी करून, तो त्यांनीं पेटाऱ्याखालीं सारला.